इंद्रजाल, बुरशी आणि चांगल्या दिवसांचे लॉग

आजचा भाग अकोटहून, आमच्या घरून रेकॉर्ड करतोय. दिवाळीला आलो तो अजून इथंच आहे, वर्क फ्रॉम होम चालू आहे. त्यामुळे मधेच कुकरची शिट्टी वाजली किंवा भंगारवाला ओरडला तर समजून घ्या. एडिटिंग मीच करतो आणि मी आळशी आहे.

सुरुवात घरातल्या एका वस्तूपासून करतो. आमच्या समोरच्या खोलीत, दाराच्या वर, एक फ्रेम लावलेली होती. सोनेरी पट्टीची, काचेची. आत लाल कापडावर एक काळं, जाळीदार झाड चिकटवलेलं. झाड म्हणजे त्याला पानं नाहीत, फुलं नाहीत, नुसत्या बारीक फांद्या. पिंपळाचं पान पाण्यात कुजवून त्याची जाळी उरते ना, तसं काहीतरी. नाव 'इंद्रजाल'. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी असेल, नाहीतर एखाद्या दुकानात गल्ल्याच्या मागे पाहिली असेल.

ही फ्रेम बाबांनी २०१८ च्या सुरुवातीला आणली. त्याच्या आधीचं वर्ष कसं होतं हे ज्यांच्या घरी कापूस आहे त्यांना सांगायला नको. गुलाबी बोंडअळीचं वर्ष. बोंड बाहेरून हिरवंगार, फोडलं की आत अळी आणि काळी पडलेली सरकी. त्या वर्षी आमच्या पऱ्हाटीनं लावलेला पैसाही परत दिला नाही. मग बाबा एका यात्रेत गेले, तिथं एक माणूस इंद्रजाल विकत होता. हिमालयातली वनस्पती आहे म्हणाला, घरात लावा, नजर लागत नाही, बरकत येते. बाबांनी अकराशे रुपये मोजले. २०१९ मध्ये माझं बीटेक झालं आणि कॅम्पसमधूनच नोकरी लागली. बाबांच्या लेखी विषय तिथंच संपला. इंद्रजाल आलं, पोराला नोकरी लागली. अजून काय पुरावा पायजे?

या दिवाळीच्या साफसफाईत आईनं फ्रेम खाली उतरवली, तर काचेच्या आतून पांढरे ठिपके. यंदा पाऊस लांबला, भिंतीला ओल आली, ती फ्रेममध्ये शिरली. काळ्या फांद्यांवर पांढरी-हिरवट बुरशी.

आई म्हणाली, "बुरशी लागली याले. फेकून दे बाप्पा."

बाबा म्हणाले, "फेकू नको. उन्हात ठेव, होते साफ."

मी आपला फोटो काढला आणि मोबाईलवर शोधला. पाच मिनिटांत कळलं ते असं. ही हिमालयातली वनस्पती नाही. मुळात वनस्पतीच नाही. हा प्राणी आहे. समुद्रातला. इंद्रजाल म्हणून आपल्याकडे जे विकतात ते बहुतेक वेळा सागरपंखा असतं, नाहीतर काळं प्रवाळ. दोन्ही प्रवाळांच्या कुळातले. म्हणजे गेली सहा-सात वर्षं आमच्या दारावर एक मेलेली वसाहत लटकत होती. वसाहत म्हणतोय, कारण ते एक जनावर नसतं, हजारो छोट्या जनावरांची सोसायटी असते. अकोटहून कुठल्याही दिशेनं निघालात तरी समुद्र चारशे किलोमीटरच्या पलीकडे आहे. तरी तो दारावर आला होता.

कायद्याचं आत्ताच सांगून टाकतो, कारण ते महत्त्वाचं आहे आणि मला ते माहीत नव्हतं. सागरपंखे, काळं प्रवाळ आणि खडक बांधणारी सगळी प्रवाळं २००१ पासून आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. वाघ ज्या यादीत आहे ती यादी. विकणं गुन्हा, विकत घेणं गुन्हा, जवळ बाळगणंही गुन्हा. मेळघाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या आम्हा लोकांना वाघाचं नख घरात ठेवायचं नसतं हे लहानपणापासून माहीत असतं. इंद्रजालाचं कोणी सांगितलं नाही. ऑनलाइनसुद्धा हे 'रूट' म्हणून, 'मूळ' म्हणून विकतात, म्हणजे घेणाऱ्याला वाटतं झाडाचं मूळ आहे.

तर आता ती बुरशी. तुम्ही म्हणाल, मेलेल्या वस्तूला ओल लागली, बुरशी आली, त्यात काय विशेष? भाकरीला येते, चपलेला येते. बरोबर. पण शोधता शोधता मला एक प्रश्न सापडला आणि त्यानं दिवाळीचे चार दिवस खाल्ले. हा पंखा जिवंत असताना, समुद्रात असताना, तेव्हाही याच्यात बुरशी होती का?

उत्तर आहे, बहुतेक होती. जगात जिथं जिथं लोकांनी जिवंत प्रवाळ नीट तपासलं तिथं बहुतेक वेळा आत बुरशी सापडलीच आहे.

थोडं मागे जाऊ. प्रवाळ म्हणजे काय, हे आपण मसाल्याच्या डब्यातून समजून घेऊ. काळ्या मसाल्यात आई दगडफूल टाकते. ते फूल नाही आणि दगडही नाही. ती एक बुरशी आहे आणि तिच्या पोटात शेवाळ राहतं. शेवाळ उन्हावर अन्न बनवतं, बुरशी त्याला घर देते, ओल धरून ठेवते. दोघं मिळून एक 'दगडफूल'. प्रवाळाचं तसंच आहे, फक्त बुरशीच्या जागी प्राणी आहे. बाजरीच्या दाण्याहून लहान असे मऊ प्राणी, तोंडाभोवती बारीक हात. त्यांच्या पेशींच्या आत सूक्ष्म शैवाल राहतं, ते उन्हावर साखर बनवतं आणि त्यातला मोठा वाटा या प्राण्याला देतं. त्या जोरावर प्राणी आपल्या खाली चुन्याचा सांगाडा बांधत जातो. पोरायटीस नावाचं एक प्रवाळ आहे, मोठ्या गोल दगडासारखं दिसतं, ते वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतं. म्हणजे घराएवढा पोरायटीस दिसला तर तो शिवाजी महाराजांच्या आधीपासून तिथं बसलेला असू शकतो.

सागरपंखा याचा चुलतभाऊ. तो चुन्याचा दगड बांधत नाही, शिंगासारखा लवचिक सांगाडा बांधतो, म्हणून फ्रेममध्ये चपटा बसतो. बिचाऱ्याची लवचिकताच त्याला नडली.

आता पोरायटीसचा तुकडा फोडून पाहिला तर काय दिसतं? वर जिवंत कातडीचा पातळ थर. त्याच्या खाली, पांढऱ्या चुन्याच्या आत, एक हिरवी पट्टी. ते दुसरंच शैवाल, चुना पोखरून आत राहणारं, अगदी अंधुक उजेडावर जगणारं. आणि त्या शैवालाच्या मागे मागे, चुना पोखरत जाणारे आणखी बारीक तंतू. ती बुरशी. म्हणजे एका प्रवाळात प्राणी, पेशीतलं शैवाल, सांगाड्यातलं शैवाल, जीवाणू आणि बुरशी असे पाच भाडेकरू. मालक कोण हे विचारू नका.

इथं मला एक चित्र फार आवडलं. फ्रान्सच्या ताब्यातलं मूरेया नावाचं बेट आहे, पॅसिफिकमध्ये. तिथल्या पोरायटीसवर फ्रेंच आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये एक अभ्यास छापला. त्यांनी पाहिलं की सांगाड्यातली बुरशी आधी आतल्या शैवालात घुसते, ते खाते. मग वर सरकते, जिवंत प्राण्याच्या दिशेनं. तिचा तंतू चुना फोडून प्राण्याच्या कातडीखाली डोकं काढायला लागला की तो प्राणी काय करतो? पळता येत नाही, चावता येत नाही. त्याच्याकडे एकच हत्यार आहे, चुना. तो त्या तंतूवर चुन्याचे थर चढवतो. तंतू पुढे येतो, हा आणखी थर देतो. शेवटी तिथं एक घट्ट, गुळगुळीत टेंगूळ तयार होतं, मोत्यासारखं. शिंपला वाळूच्या कणाभोवती मोती करतो, हा बुरशीभोवती करतो. आणि हे एकदाच होत नाही. प्राणी वर वाढतोय, बुरशी खालून वर येतेय, अशी ती शर्यत वर्षानुवर्षं चालते. निरोगी, अगदी धडधाकट दिसणाऱ्या प्रवाळात.

त्या निबंधाच्या नावातच प्रश्न होता, हे सहजीवन आहे की रोग? मला तो प्रश्न प्रामाणिक वाटला. आपण लगेच ठरवून टाकतो.

ठरवून टाकण्यावरून आठवलं, मला एक कबुली द्यायची आहे. गेल्या वर्षीच्या एका भागात मी ठणकावून सांगितलं होतं की सहारा वाळवंटातली धूळ वाऱ्यानं अटलांटिक ओलांडून कॅरिबियन समुद्रात पडते, त्यात एक बुरशी असते आणि तिनं तिथले सागरपंखे मारून टाकले. मस्त गोष्ट होती. तुम्ही ती शेअरही खूप केलीत. तर ती गोष्ट आता परत सांगतो, या वेळी पूर्ण.

१९९५ च्या सुमारास कॅरिबियनमधल्या सागरपंख्यांना मोठ्या प्रमाणावर रोग लागला. जांभळ्या पंख्यावर छिद्रं, छिद्राभोवती आणखी गडद जांभळी कडा, मग तो भाग मरायचा. शास्त्रज्ञांनी त्यातून बुरशी वेगळी काढली. १९९८ मध्ये नेचर नियतकालिकात नाव आलं, ऍस्परजिलस सिडोवी. ऍस्परजिलस हे घराणं तुम्हाला माहीत आहे. ओलसर भुईमुगावर, मक्यावर, सरकीवर जी बुरशी येते त्यातल्या बऱ्याच याच घराण्यातल्या. सिडोवी ही मातीत राहणारी, पण मीठ सहन करणारी. आमच्यासारखीच म्हणा. अकोटच्या खाली पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंनी खारपाणपट्टा आहे, विहिरीला पाणी लागतं पण चहा खारट होतो. समुद्र न पाहता मीठ पचवणं काय असतं ते आम्हाला विचारा.

आणि त्या लोकांनी काम चोख केलं होतं. आजारी पंख्यातून काढलेली बुरशी निरोगी पंख्याला लावली, तोच रोग झाला, त्यातून परत तीच बुरशी निघाली. आमच्या भाषेत, बग रिप्रोड्यूस केला. शिवाय जमिनीवरून आणलेले सिडोवीचे नमुने लावले तर रोग झाला नाही. म्हणजे समुद्रातल्या त्या नमुन्यांत काहीतरी वेगळं होतं. फ्लोरिडाच्या दक्षिणेच्या बेटांत हा रोग सहा वर्षं टिकला, नंतर ओसरला.

सागरपंखाही गप्प बसत नाही, हे मला नवीन होतं. ती जी गडद कडा दिसते, ती रोगाची नाही, पंख्याची आहे. बुरशीच्या तंतूभोवती तो मेलॅनिनचा थर देतो. मेलॅनिन, म्हणजे आपल्या कातडीचा रंग ज्यानं ठरतो तेच. आपण गोरेपणाच्या क्रीमवर पैसे घालवतो आणि तिकडे एक जनावर त्याच रंगाची भिंत बांधून जीव वाचवतंय.

मग गडबड कुठं झाली? २००८ मध्ये दोन-तीन गोष्टी एकामागोमाग आल्या. आफ्रिकेच्या धुळीचे नमुने तपासले, त्यात सिडोवी सापडलीच नाही. जगभरातल्या सिडोवीचे जनुकीय नमुने ताडून पाहिले तर ठिकाणानुसार वेगळे गट पडेनात, सगळं एकच मिसळलेलं खानदान निघालं. म्हणजे अमुक ठिकाणाहून आली असं बोट दाखवता येत नाही. आणि पोर्टो रिकोत आजारी आणि निरोगी दोन्ही पंखे तपासले, तर निरोगी पंख्यांतही बुरशी होती, आणि आजारी पंख्यांत सिडोवी असायलाच हवी असं दिसलं नाही. पुढे असंही दिसलं की जांभळे डाग दुसऱ्या सूक्ष्म जीवांमुळेही पडतात.

म्हणजे माझी ती धुळीची गोष्ट अर्धीच होती. १९९८ चा प्रयोग खोटा नव्हता, पण त्यावर मी रचलेली सहारापासूनची थेट साखळी टिकत नाही. तो भाग मी काढलेला नाही. खाली चूक लिहून ठेवली आहे.

हे वाचताना मला माझीच एक रात्र आठवली. कंपनीचं नाव सांगत नाही, चूक माझी होती. आमचा एक सर्व्हर रात्री दोनच्या सुमारास पडायचा. आठवड्यातून दोनदा, तीनदा. मी लॉग उघडले. प्रत्येक वेळी, पडायच्या दहा मिनिटं आधी, एकच वॉर्निंग. एका जुन्या बॅकअप जॉबची. चार पडझडी, चारही वेळा तीच वॉर्निंग. मी मॅनेजरला मेसेज टाकला, सापडलं. जॉब बंद केला, झोपलो. तिसऱ्या रात्री सर्व्हर पुन्हा पडला, आणि आता बॅकअपही नव्हता.

आमच्या टीममधल्या एका सीनियर ताईनं एकच प्रश्न विचारला, "ज्या दिवशी सर्व्हर पडला नाही, त्या दिवसांचे लॉग पाहिलेस का?" पाहिलेच नव्हते. पाहिले तर ती वॉर्निंग रोज येत होती. तीनशे पासष्ट दिवस. खरा प्रॉब्लेम मेमरीचा होता. ज्या दिवशी मेमरी भरत आलेली असायची त्या दिवशी तो बॅकअप जॉब शेवटचा धक्का द्यायचा. बाकीच्या दिवशी बिचारा आपलं काम करून निघून जायचा. म्हणजे तो निर्दोष होता असंही नाही, बरं का. पण कारण म्हणून त्याचं नाव लावणं चूक होतं.

आता म्हणूनच मला गोव्याचं काम सांगायचं आहे, कारण तिथं कुणीतरी चांगल्या दिवसांचे लॉग पाहिले.

गोव्यात पणजीजवळ दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ मध्ये सुरू झालेली. लोक तिथं सूर्यास्ताचे फोटो काढायला जातात. तिथं चंद्रलता रघुकुमार आणि शेषगिरी रघुकुमार या शास्त्रज्ञ दांपत्यानं समुद्रातल्या बुरशीवर आयुष्यभर काम केलं. समुद्रात बुरशी असते हेच जेव्हा बहुतेकांना पटत नव्हतं, तेव्हापासून. १९९१ मध्ये त्यांनी अंदमानच्या प्रवाळांवर निबंध छापला. मोठ्या, दगडासारख्या प्रवाळांवर मेलेले चट्टे दिसत होते, त्यात त्यांना गडद तंतूंची बुरशी सापडली. म्हणजे कॅरिबियनच्या सगळ्या गाजावाजाच्या आधी, आपल्या समुद्रात.

पण मला जास्त आवडलेलं काम दहा वर्षांनंतरचं, २००१ चं, जे. रवींद्रन यांच्यासोबतचं. या वेळी लक्षद्वीपचा पोरायटीस. त्यांनी फक्त आजारी प्रवाळ घेतलं नाही. निरोगी घेतलं, अर्धं मेलेलं घेतलं, पांढरं पडलेलं घेतलं, आणि एक गुलाबी रेघेचा विकार असतो तो झालेलंही घेतलं. सगळ्यांत बुरशी शोधली. आणि सगळ्यांत मिळाली! निरोगी प्रवाळातही. फरक प्रमाणाचा होता, निरोगी प्रवाळात कमी, बिघडलेल्यात जास्त. यातल्या कितीतरी बुरशा जमिनीवर सापडतात त्याच जातीच्या होत्या.

याचा अर्थ काय लावायचा? बुरशी वाढली म्हणून प्रवाळ आजारी पडलं, की प्रवाळ आजारी पडलं म्हणून बुरशीला मोकळं रान मिळालं? नुसतं मोजून हे कळत नाही. पण 'बुरशी सापडली, म्हणजे रोग आहे' हे वाक्य मात्र त्या दिवसापासून बाद झालं.

आणि हे लोक किती चिवट होते ते बघा. पुढे त्यांनी हिंदी महासागरातल्या चागोस खंदकात, जवळजवळ सहा किलोमीटर खोल, तळाच्या गाळाची नळी काढली. त्या गाळाचे काही थर लाखभर वर्षांहून जुने. त्यातून प्रयोगशाळेत बुरशी उगवून आली, आणि त्यात एक ओळखीचं नाव होतं, ऍस्परजिलस सिडोवी. कॅरिबियनच्या पंख्यांवरचा आरोपी इकडे आपल्या समुद्राच्या तळाशी झोपलेला. ज्याला जिथं तिथं हजर राहायची सवय आहे, त्याला प्रत्येक गुन्ह्याच्या जागी पाहिल्याचा साक्षीदार मिळणारच.

बरं, बुरशी फक्त खातेच असंही नाही. कॅरिबियनमधल्या एका पोरायटीसच्या आतल्या सगळ्या सूक्ष्म जीवांचे जनुक २००७ मध्ये वाचले गेले. त्यात बुरशीचा वाटा मोठा निघाला आणि तिच्याकडे नायट्रोजनची उलाढाल करायची जनुकं होती. प्रवाळ जिथं राहतं ते निळंशार पाणी खताच्या दृष्टीनं अगदी रिकामं असतं. तिथं आतल्या आत नायट्रोजन फिरवून देणारा भाडेकरू असेल तर तो मालकाला हवाच असणार. शास्त्रज्ञ इथं 'असावं' म्हणतात, मीही 'असावं'च म्हणतो. एकदा तोंड पोळलंय.

हे सगळं मी बाबांना सांगितलं. संध्याकाळी, अंगणात, ते तुरीच्या शेंगा सोलत होते. मला वाटलं, ते म्हणतील काय कामधंदे नाहीत का तुले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "याच्यात नवीन काय हाय?"

मी म्हटलं, "काऊन?"

"तुरीचा मर पाह्यला न तू? ते बुरशीच हाय. वावरात असतेच ते. दरसाल असते. पण दरसाल तूर मरते का? पाणी साचलं, झाडाचं मूळ कमजोर झालं, की ते वर चढते. आन आपण बियाण्याले ट्रायकोडर्मा लावतो, ते काय हाय? तेही बुरशीच न?"

मी गप्प. चार दिवस निबंध वाचून मी जिथं पोचलो होतो, तिथं बाबा शेंगा सोलत बसले होते. मर रोगाची बुरशी, फ्युजेरियम, पिकाच्या अवशेषांत वर्षानुवर्षं जमिनीत टिकून राहते, हे कृषी विद्यापीठवालेही सांगतात. रोग व्हायला बुरशी, झाड आणि हवामान असे तिघं लागतात. समुद्रातही तेच तिघं आहेत.

आणि समुद्रातला तिसरा भिडू सध्या बिघडतोय. सिडोवी साधारण तीस अंशांच्या पाण्यात जोमानं वाढते. आणि नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा पाणी एखादा अंश जरी जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर प्रवाळ आपल्या पेशीतलं शैवाल बाहेर टाकतं. रंग जातो, पांढरं पडतं, याला ब्लीचिंग म्हणतात. म्हणजे रोज साखर देणारा गेला. आता बुरशीवर थर चढवायला चुना कुठून आणणार, मेलॅनिनची भिंत बांधायला ताकद कुठून आणणार? मेमरी भरलेला सर्व्हर. त्यात तो बॅकअप जॉब.

हे आपल्यापासून लांबही नाही. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास जिवंत प्रवाळ आहे, १९८७ पासून तिथं सागरी अभयारण्य आहे. विजयदुर्गच्या समोर खोल समुद्रात आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्रेंच्या नावाची, तिथंही प्रवाळ आहे. मालवणला मी ऑफिसच्या मित्रांसोबत गेलो होतो. मास्क लावून पाण्यात तोंड घातलं, पाणी गढूळ होतं, पाच-सहा गोल दगड दिसले आणि मी वर येऊन म्हणालो, "कोरल कुठंय?" स्नॉर्केलिंगवाला हसला. म्हणाला, "तां काय, तेच्यारच हात ठेवलास तू." मी पोरायटीसवर हात टेकून उभा होतो की दुसऱ्या कशावर, आता सांगता येणार नाही. पण हात टेकू नका एवढं नक्की. आपला हात लागला की त्याची ती पातळ कातडी फाटते, आणि फाटलेल्या जागी आत शिरायला कोण टपलेलं असतं ते आता तुम्हाला माहीत आहे. मालवणच्या प्रवाळातही गेल्या दशकात ब्लीचिंगची नोंद झालेली आहे.

आता राहिली ती फ्रेम.

बाबांना मी कायद्याचं सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न कायद्याचा नव्हताच. "मंग तुही नोकरी?" ते म्हणाले. मी म्हटलं, बाबा, त्या वर्षी आमच्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त पोरांना नोकरी लागली, त्यांच्या सगळ्यांच्या घरी इंद्रजाल होतं का? ते म्हणाले, "मले काय मालूम, असन." आता यावर काय बोलणार? एका वर्गाच्या पोरांच्या घरी जाऊन दारं तपासायला मला वेळ नाही. आणि खरं सांगू, २०१८ मध्ये माणसाला आधार पाहिजे होता. तो अकराशेत मिळाला. त्याची थट्टा करायची माझी इच्छा नाही. फक्त तो आधार कुणाच्या तरी जिवावर उठून, तळावरून तोडून, रंगवून, लाल कापडावर चिकटवून आपल्यापर्यंत येतो, हे तेव्हा माहीत असतं तर बाबांनीच घेतला नसता. ज्या माणसाला वावरातल्या सापालाही मारू देववत नाही, तो माणूस.

दोन दिवस विषय निघाला नाही. परवा सकाळी मी उठलो तर फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीनं बांधून टेबलावर ठेवलेली. बाबा वावरात गेले होते. आई म्हणाली, "सोमवारी फॉरेस्टवाल्यायच्या ऑफिसात नेऊन दे म्हणे. आन सांग म्हणे त्यायले, आमाले झाड वाटलं होतं."

त्या खिळ्यावर तिनं कॅलेंडर लावलंय.

चला, कुकरची तिसरी शिट्टी झाली, मला हाक येईल आता. तुमच्या घरी इंद्रजाल असेल तर फोटो स्टेटसवर टाकू नका, जवळच्या वनविभागाच्या ऑफिसात जाऊन विचारा. पुढच्या भागात भेटू.